गस्तवाल्याचं कार्ड

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकटीनं विचारलं, "आजी, तुझ्या त्या दृष्टांतांच्या कार्डांचे फोटो पाठव ना. मला इथं चर्चमध्ये तरुणांच्या सभेत बोलायचंय." मी म्हटलं, कार्डं आता नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे हरवली? तुझ्याकडून?" आणि तुम्ही सगळे हसलात. हरवली नाहीत. मी ती रद्दीत घातली. का घातली ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. आधी तुमच्या सोयीसाठी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. दोन पानं झाल्यावर वाचून पाहिलं, तर तेही एक नीटनेटकं कार्डच झालं होतं. म्हणून मराठीत लिहिते. अडलं तर बाबांना विचारा.

मी शाळेत इंग्रजी शिकवायची तेव्हाची गोष्ट. आमच्या मंडळीचे जुने पाळकसाहेब बोलायला फार चांगले होते, पण इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. चर्चच्या कपाटात मिशनरी लोकांनी मागे ठेवलेली जाडजूड पुस्तकं होती: उपदेशात सांगायच्या लहान लहान गोष्टींचे संग्रह. एका शनिवारी ते त्यातलं एक पुस्तक घेऊन घरी आले आणि म्हणाले, "बाई, यात माल पुष्कळ आहे म्हणतात. कुलूप तेवढं इंग्रजीचं आहे."

तेव्हापासून मी दर आठवड्याला एक गोष्ट मराठीत उतरवून द्यायला लागले. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, डाव्या कोपऱ्यात विषय, उजव्या कोपऱ्यात क्रमांक. खाली रकाने: कोणत्या तारखेला सांगितली, कोणत्या उपासनेत. एकदा सांगितलेली गोष्ट तीन वर्षं पुन्हा सांगायची नाही, असा नियम मीच घातला होता. क्षमा, विश्वास, त्याग, मरण असे कप्पे पाडलेली लाकडी पेटी करून घेतली. शनिवारी दुपारी शाळेची आया कार्डाचं पाकीट पाळकसाहेबांच्या घरी पोचवायची. तिला वाचता येत नव्हतं. पाकीट पिशवीत घालताना ती दर वेळी विचारायची, "आज रडायची हाय का हसायची?"

सुरुवातीला मी शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करायची. एकदा बर्फात अडकलेल्या मेंढपाळाची गोष्ट दिली. उपासना सुटल्यावर एक म्हातारी मला म्हणाली, "काय गं बाई, तो माणूस तिथं गारठत बसला कशाला? उठून घरी का नाही गेला?" पाळकसाहेब पोट धरून हसले. मग म्हणाले, "बर्फ काढा. आपल्याकडचं काहीतरी घाला." मग मी बर्फ काढला आणि इगतपुरीचा पाऊस घातला. इंग्लंडातल्या उमरावाच्या जागी चांदवडचा कांद्याचा व्यापारी आला. मेंढ्यांच्या शेळ्या झाल्या. मंडळी कान देऊन ऐकायला लागली. मला त्याचा आनंद व्हायचा, आणि थोडा गर्वही.

पाळकसाहेब मात्र गोष्ट सांगताना गावाचं नाव गाळायचे. "एका गावी एक माणूस होता," एवढंच म्हणायचे. मी एकदा तक्रार केली की मी एवढं इगतपुरी घातलं आणि तुम्ही ते खाल्लंत. ते म्हणाले, "गावाचं नाव घेतलं की लोक माणूस शोधायला लागतात, बाई."

या पेटीत त्याग या कप्प्यात एक कार्ड होतं. मूळ गोष्ट कुठल्याशा उत्तरेच्या समुद्रातली. दीपगृहाच्या रखवालदाराची एकुलती एक मुलगी मरणाच्या दारात असते. दिवा लावायची वेळ होते. तो घुटमळतो, तेव्हा त्याची बायको म्हणते, तुम्ही जा. तो वर जाऊन दिवा लावतो, जहाज वाचतं, खाली येतो तर मुलगी गेलेली असते. मी दीपगृहाच्या जागी इगतपुरीचा घाट आणला. पावसाळ्यात रुळांवर दरड कोसळली आहे का ते पाहत चालणारा रेल्वेचा गस्तवाला, हातात कंदील, घरी तापानं फणफणलेली पोर. बायको म्हणते, तुम्ही जा, गाडीत कितीतरी लेकरं असतील. तो जातो, दरड सापडते, गाडी थांबते. परततो तर पोर गेलेली.

इंग्रजी पुस्तकात या गोष्टीच्या डोक्यावर तिरप्या अक्षरांत लिहिलेलं होतं की ही खरी घडलेली हकीकत आहे. मी समुद्र बदलला, दिवा बदलला, माणूस बदलला आणि ती ओळ मात्र जशीच्या तशी मराठीत उतरवली: "घडलेली गोष्ट." ओळ पुस्तकात होती म्हणून कार्डावर आली. माझ्या मनात त्यात काही चूक आहे असं आलंच नाही. पुढे हजार वेळा त्या पेटीतून हात फिरवला, तरी आलं नाही.

जुन्या पाळकसाहेबांनी ते कार्ड कधी वापरलं नाही. रकाने कोरे राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मूल मेल्याची गोष्ट मी वेदीवरून सांगत नाही. समोर कोणाचं मेलंय ते आपल्याला दिसत नाही." मला तेव्हा ते फार हळवेपणाचं वाटलं.

ते निवृत्त झाले, काही वर्षांनी गेलेही. नवे पाळक तरुण, उत्साही, बोलायला चटपटीत. माझ्या पेटीचं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं. गंगापूर रोडच्या आपल्या फ्लॅटवर आले, चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून एकेकाचा फोनवर फोटो काढला. "मॅडम, न वापरलेली कोणती आहेत? मंडळीला ताजं काहीतरी देऊ." मीच त्यांना कोऱ्या रकान्यांची कार्डं वेगळी काढून दिली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते, हे तुमच्या बाबांना आठवत असेल. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार आणि सात बोलणारे. एकेक उद्गार एकेकाला वाटून दिलेला असतो, मध्ये गाणी. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फेकतात, लहान मुलं चटयांवर झोपून जातात. यंदा चौथा उद्गार, एकटं टाकल्याचा, पाळकांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांनी गस्तवाल्याची गोष्ट सांगितली आणि फार चांगली सांगितली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. शेवटी ते थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "ही घडलेली गोष्ट आहे. आपल्या इगतपुरीची. कोण जाणे, तो बाप आजही एखाद्या मंडळीत, अगदी मागच्या बाकावर बसलेला असेल."

हे शेवटचं वाक्य माझ्या कार्डावर नव्हतं. पण लोकांनी माना वळवून मागे पाहिलं.

मागच्या बाकावर, दाराजवळ, एक म्हातारे गृहस्थ बसायचे. गाण्यांची पुस्तकं वाटायची, खुर्च्या मांडायच्या, उपासना सुटली की पंखे बंद करायचे, ही त्यांची कामं. कोणी त्यांच्याशी फारसं बोलत नसे. रेल्वेत रूळ सांभाळणाऱ्या इगतपुरीच्या गँगमध्ये होते, मग नाशिकरोडला बदलून आले, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यांची बायको म्हणजेच आमच्या शाळेची आया, माझी पाकिटं पोचवणारी. त्यांना मूल नव्हतं. एक मुलगी लहानपणी गेली, हे बायकांमध्ये कधीतरी बोललं गेलं होतं. माझ्या कानावर ते आलं असेल आणि मी विसरले असेन. निदान मी तरी असंच समजते.

तीन वाजता उपासना सुटली तेव्हा त्यांच्याभोवती पाच-सहा माणसं उभी होती. कोणीतरी विचारत होतं, "दादा, तुम्ही घाटातच होतात ना? तुमची पण मुलगी..." त्यांनी खाली पाहिलं. हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत. एकानं त्यांचा हात हातात घेतला, मग दुसऱ्यानं. आया बायकांच्या बाजूला चपला शोधत होती. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या गर्दीतून न बोलता एकटीच फाटकाबाहेर गेली.

मी तिथं उभी होते. ही गोष्ट पुस्तकातली आहे, हे त्या आवारात फक्त मला माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मनाशी म्हटलं, उत्तम शुक्रवार आहे, पाळकांचा अपमान होईल, सावकाश सांगू.

ईस्टरला पाळकांनी त्यांना पुढे बोलावलं, शाल घातली आणि साक्ष द्यायला सांगितलं. म्हातारे माइकसमोर उभे राहिले. "पाऊस लय होता," ते म्हणाले. "पण ड्युटी ती ड्युटी. घरातून निघताना पाय उचलत नव्हता. हिनंच सांगितलं, तुम्ही जा, गाडीत कितीतरी लेकरं असतील."

ते माझं वाक्य होतं. शब्दही माझे, स्वल्पविरामही माझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्याकडे उपासनेत सहसा वाजवत नाहीत तरी. दुपारपर्यंत त्याचा व्हिडिओ मंडळीच्या ग्रुपवर आला, आणि तिथून कुठे कुठे गेला कोण जाणे. तुमच्या बाबांनीही तो पाहिलाय. खाली हात जोडल्याची खूण टाकली होती.

दोन दिवसांनी आया आपल्या घरी आली. निवृत्त झाल्यापासून ती आली नव्हती. सोफ्यावर बसायला नकार देऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली.

"बाई, ती गोष्ट तुमचीच ना?"

"कोणती?"

"कोणती काय इचारता. तीस वर्षं तुमची पाकिटं मीच नेली. त्यातच कधीतरी तीपण गेली असंल."

मी म्हटलं, हो, माझीच. इंग्रजी पुस्तकातली आहे. इगतपुरी मी घातलं.

तिनं मी दिलेला चहा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "त्या दिवशी यांना रेस्ट व्हती. गस्त नाय, कंदील नाय, काय नाय. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, त्या क्लबात, पत्ते खेळत बसले व्हते. पोरगी सकाळपासून ओकत व्हती. मलापण तेच, उठले की भोवळ. दवाखाना खाली, रुळांच्या पलीकडं. शेजारच्या माणसाला दोनदा धाडलं बोलवायला. दोन्ही टायमाला एकच निरोप. आलो म्हणावं, एवढा डाव होऊ दे."

चहा तिनं घेतला नाही. वर साय धरली होती.

"आता सगळ्या बाया मला म्हणतात, धन्य तुमची, तुम्हीच त्यांना जा म्हणालात. मी जा म्हणाले? मी ये म्हणत व्हते, बाई."

"तुम्ही त्यांना काही बोललात?"

"चाळीस वर्षं नाय बोलले. खरं काय ते आमच्या दोघांत व्हतं, तेवढं बास व्हतं. आता त्यांनी ते एकट्यानंच पुसून टाकलं. काल मला म्हणतात, तुला काय आठवतंय, तू तर तापात व्हतीस."

मग ती ज्यासाठी आली होती ते तिनं मागितलं. मी रविवारी मंडळीत उभं राहून सांगावं, की ही गोष्ट पुस्तकातली आहे. "त्यांच्या पत्त्यांचं नका सांगू. माणूस म्हातारा झाला, जाऊ द्या. पण मी जा म्हणाले नाय, तेवढं कळू द्या लोकांना."

मी म्हटलं, "आधी पाळकसाहेबांशी बोलते. रीतीनं होऊ दे."

"बोला," ती म्हणाली आणि उठली.

पाळकांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पत्त्यांचं मी सांगितलं नाही. गोष्ट पुस्तकातली आहे आणि त्या बाईला तिच्या तोंडी घातलेल्या शब्दांचा त्रास होतोय, एवढंच सांगितलं. ते क्षणभर गोंधळले. "पण मॅडम, कार्डावर तुम्हीच लिहिलंय, घडलेली गोष्ट."

"ती माझी चूक."

"बरं, चूक. पण फळ बघा ना. म्हातारबाबांनी तंबाखू सोडली. पहाटेच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी येतात. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणीतरी विचारतंय. आणि आता मी उभं राहून सांगू की हा माणूस खोटं बोलला? त्यांचं काय होईल?"

"आणि त्यांच्या बायकोचं?"

"मी भेटतो त्यांना. समजावतो. आपण जरा शांतपणे घेऊ. पीक आल्यावरच्या उपकारस्तुतीच्या रविवारी मी सर्वसाधारण असं काहीतरी बोलेन, की दृष्टांत हे दृष्टांत असतात म्हणून."

मला ते पटलं नाही. तरी मी बरं म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही लिहून ठेवते.

जाताना फाटकाशी म्हातारे भेटले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मी थांबले. म्हटलं, "ही गोष्ट माझी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "चांगली हाय बाई गोष्ट," ते म्हणाले. "राहू द्या तशीच. तुमचं काय जातंय?"

पाळक आयाला भेटायला गेले. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. कडूपणाचं मूळ उपटून टाकण्याविषयी बोलले, असं तिनंच मला नंतर सांगितलं. त्यानंतर ती चर्चला आली नाही. बायका म्हणायच्या, नवऱ्याला मान मिळाला तर हिच्या पोटात दुखतंय. महिला मंडळात हे माझ्यादेखत बोललं गेलं. मी म्हटलं, तसं नसेल. तसं नाही, असं म्हटलं नाही.

भर पावसाळ्यात तिला सरकारी दवाखान्यात ठेवल्याचं कळलं. साखर वाढलेली, पायाची जखम चिघळलेली, मग तो संसर्ग अंगभर. मी गुरुवारी गेले. बायकांचा वॉर्ड, एका कॉटवर दोघी अशी गर्दी. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारल्यावर वळली.

"सांगितलं का?"

"या रविवारी सांगते. नक्की."

"शाळेत पोरींना पाच मिनिटं उशीर झाला की तुम्ही वर्गाबाहेर उभं करायच्या, बाई," ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मग तिनं मला ती दुपार सांगितली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, क्रमानं. पोरगी पाणी मागत होती आणि पोटात ठरत नाही म्हणून तिनं दिलं नाही. तेव्हा तसंच सांगायचे, ओकणाऱ्याला पाणी देऊ नका म्हणून. नंतर शाळेत आरोग्य केंद्राच्या बाई मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवायला आल्या, तेव्हा ती संडासात जाऊन बसली होती. कोणी आयाला विचारलं नव्हतं, तू का रडतेस म्हणून. पोरगी साडेपाच वर्षांची होती. दाराकडे बघत होती. बापाला ती दादा म्हणायची; दादा आले का, असं प्रत्येक पावलाच्या आवाजाला विचारत होती, आणि मग विचारायची थांबली.

"हे तुमच्या कार्डात नाय," ती म्हणाली.

शनिवारी पहाटे ती गेली.

अंत्यविधी त्याच दुपारी झाला. चर्च भरलं होतं. व्हिडिओमुळे दुसऱ्या मंडळ्यांतलेही लोक आले होते. म्हातारे पुढच्या बाकावर, शाल पांघरून. मी ठरवून गेले होते की विधी शांतपणे होऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, बोलायचं. पाळक बोलायला उभे राहिले. त्यांनी गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी ती तिची गोष्ट होती. शवपेटीकडे हात करून ते म्हणाले, "इथं ती माऊली निजली आहे, जिनं आपल्या लेकराच्या उशाशी बसून नवऱ्याला सांगितलं, तुम्ही..."

मी उभी राहिले. तुमच्या आजीनं आयुष्यात कधी कोणाचं बोलणं मध्येच तोडलेलं नाही. म्हटलं, "पाळकसाहेब, थांबा. ही गोष्ट मी एका इंग्रजी पुस्तकातून घेतली आहे. इगतपुरी मी घातलं. या बाई कोणालाही जा म्हणाल्या नव्हत्या."

पंख्यांचा आवाज येत होता. पाळकांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. लहान मुलाला कोणी सगळ्यांसमोर ओरडावं तसा तो झाला होता. ते म्हणाले, "आपण प्रार्थना करू या." गाणाऱ्यांपैकी कोणीतरी घाईनं सूर धरला आणि सगळे गायला लागले. एकीनं माझ्या कोपराला धरून मला खाली बसवलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मागे कोणीतरी म्हणालं, "मॅडमना चक्कर आली वाटतं."

माती देऊन परतताना महिला मंडळाची एक जण माझ्याशेजारून चालत होती. "एवढंच होतं तर इतके महिने तोंडाला कुलूप का होतं? आणि आजच उघडायचं होतं, मातीच्या दिवशी?"

ती बरोबर बोलत होती.

पत्त्यांचं मी कधीच कोणाला सांगितलं नाही. पण लोक हिशेब करतात. गोष्ट पुस्तकातली, तर मग हा माणूस त्या वेळी होता कुठे? त्यांनी म्हाताऱ्यांनाच विचारलं, आवारात, सगळ्यांसमोर. ते काही बोलले नाहीत, आणि या वेळी त्यांचं गप्प राहणं कोणाला नम्रपणाचं वाटलं नाही. पुढच्या रविवारी पुस्तकं वाटायला ते नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. बायको गेल्यापासून त्यांच्याकडे जेवण पाठवायची जी यादी महिला मंडळानं केली होती, ती दोन आठवड्यांत बंद पडली. पाळकांनी दुसरीकडे बदली मागून घेतली. जाण्याआधी मला भेटायला आले नाहीत. मीही गेले नाही.

त्याच दिवसांत मी पेटी टेबलावर उपडी केली आणि कार्डांचे दोन ढीग करायला बसले: खरी एकीकडे, बाकीची दुसरीकडे. दुपारभर बसले. पहिल्या ढिगात एकही कार्ड ठेवता आलं नाही. कुठल्या गोष्टीतला माणूस खरोखर होता, त्याच्या बायकोला कोणी विचारलं होतं का, हे त्या पुस्तकांत कुठेच नव्हतं आणि माझ्या रकान्यांतही नव्हतं. माझ्या कार्डांवर सांगितल्याची तारीख होती, उपासनेचं नाव होतं, क्रमांक होता. रद्दीवाल्याला म्हटलं, फाडून ने. त्यानं माझ्यासमोर फाडली.

आणि मग मी म्हाताऱ्यांना डबा नेऊन द्यायला लागले. आठवड्यातून तीनदा. रिक्षा करून त्यांच्या खोलीपर्यंत जायचं, कडी वाजवायची, डबा द्यायचा, आधीचा घ्यायचा. ते दार उघडायचे, माझ्याकडे न बघता डबा घ्यायचे आणि दार लावायचे. असं दोन-अडीच महिने चाललं. मला त्यांच्याकडून शब्दाची अपेक्षा नव्हती. काही वेळा वाटायचं, मी जाऊ नये तेच बरं. तरी जात होते.

गेल्या महिन्यात एकदा त्यांनी दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. आत खाटेवर बसले. मला बसायला पत्र्याची खुर्ची होती. भिंतीवर शाल खिळ्याला अडकवलेली होती, धूळ बसलेली.

"ती दवाखान्यात तुमच्याशी बोलली म्हणतात," ते म्हणाले.

"बोलली."

"त्या दिवसाचं?"

"हो."

"काय सांगितलं?"

मी सांगावं की नाही याचा विचार केला नाही. तिनं सांगितलं होतं तसंच सांगितलं, सकाळपासून, क्रमानं. पाण्याचं सांगितलं. दाराचं सांगितलं. पोरगी काय विचारत होती आणि कधी थांबली, ते सांगितलं. कुठे काही गाळलं नाही, कुठे काही जोडलं नाही. ते डबा मांडीवर घेऊन ऐकत होते. झाकण उघडलं नव्हतं. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"मला किती वेळा बोलावलं म्हणाली?"

"दोनदा."

बाहेर कोणीतरी नळाखाली बादली लावली होती, ती भरून वाहत होती.

"तीनदा," ते म्हणाले. "तिसऱ्या टायमाला शेजारचा आपणहून आला व्हता. तिला ठाऊक नाय. माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, चल. मी पत्ते खाली नाय ठेवले."

मी उठले नाही. ते रडले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी डबा उघडला, भाजी-पोळी ताटलीत काढून घेतली, डबा बाहेर नळावर घासून आणला, पंच्यानं कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.